पट्टी माझ्या खणात आहे

अक्का, ती पट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुम्ही ठेवलीत तिथेच, हजेरीपटाच्या खाली, उजव्या बाजूला. चार महिने मी तो खण रोज उघडते, खडू घेते आणि तिला हात न लावता बंद करते. आज शुक्रवार. मुलं साडेतीनला घरी गेली. पहिली 'ब'च्या वर्गात मी एकटी बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले.

उद्या सकाळी शाळेत तुमची शोकसभा आहे. एचएम मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "वृंदा, तुमची दोघींची भाषा एक, नऊ वर्षं शेजारच्या वर्गात होतात, तूच बोल. दोन पानं पुरेत. गोड गोड आठवणी लिही." मी मान हलवली आणि बाहेर आले. गोड आठवणी! अहो अक्का, आपण दोघी नऊ वर्षं नुसत्या भांडलो. एक दिवस सरळ गेला नाही. आणि जी गोष्ट भांडायची होती, ओरडून सांगायची होती, ती तेवढी मी गिळून बसले.

इथे तरी सरळ लिहिते. नोव्हेंबरमध्ये तुमच्या वर्गातल्या याळिनीच्या कपाळाला तीन टाके पडले. त्यापायी तुमच्याकडून पहिली 'अ'चा वर्ग काढून घेतला आणि तुम्हाला ऑफिसात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं. चूक माझी होती. ती पट्टी मी दिली होती. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मी ना तुमच्यापाशी बोलले ना शाळेपाशी. उद्या याळिनीची आई सभेला येणार आहे. उद्या मी काय वाचणार, ते मला आत्ता तरी माहीत नाही.

माझ्या पहिल्या दिवसापासून सांगते.

हे अंबत्तूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले म्हणून मी कराड सोडून मद्रासला आले. तमिळचा गंध नव्हता. शाळेत पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात बावरून उभी, आणि मागून आवाज आला, "तू मराठी की? मज वाटलंच." मी दचकून वळले. उंच, सडसडीत, कपाळावर मोठं कुंकू, कांचीची सुती साडी, सगळा अवतार इथल्या बाईचा, आणि तोंडात पोथीतलं मराठी! तुमची माणसं तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तिथली. महाराष्ट्र तुम्ही पाहिलेला नव्हता. माझ्या बोलण्याला तुम्ही हसायचात, म्हणायचात, "हिचं मराठी बातम्या वाचल्यासारखं." मी म्हणायचे, तुमचं मराठी ऐकलं की मला सोवळं नेसून बसावंसं वाटतं. डब्यातल्या उडदाच्या डांगरावर मात्र आपलं एकमत व्हायचं. तुम्ही त्यात हिरवी मिरची जास्त घालायचात, तेवढं सोडून.

त्याच दिवशी तुम्ही मला तुमच्या वर्गात ओढत नेलंत. नवी मुलं एकेक करून भिंतीला टाच लावून उभी राहत होती. तुमच्या हातात पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ. "एक टोक तू धर," म्हणालात. मी वाकून दोऱ्याचं टोक मुलाच्या टाचेशी जमिनीला दाबून धरायचं, तुम्ही डोक्यापाशी ताणून कात्री चालवायची. प्रत्येक दोऱ्याला नावाची चिठ्ठी. मी विचारलं, "अक्का, सेंटिमीटर कुठे लिहायचे?" तर म्हणालात, "कोठेच नाही." आकडाच नाही! मला वाटलं, बाई जरा खुळी आहे.

एप्रिलमध्ये कळलं. तुम्ही त्याच मुलांचे पुन्हा दोरे कापलेत. जुना आणि नवा दोरा फरशीवर शेजारी ठेवलात, खालची टोकं जुळवून. नवा जेवढा पुढे आला तेवढा तुकडा कापलात आणि मुलाच्या हातात दिलात. "हे बघ, कण्णा. एवढा वाढलास." लाडाने प्रत्येक मूल तुमचं कण्णाच. चार बोटांचा दोरा मुठीत धरून ती पोरं गेटकडे पळत सुटली, आईला दाखवायला. आकडा कुणी असा मुठीत धरून पळत नाही, हे मलाही पटलं होतं. पण तुमच्यापुढे कबूल कोण करणार?

मी तोंडाळ, तुम्ही हट्टी. आपल्या दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन, वर हातभर उघडं. तुमच्याकडचा गोंधळ सगळा माझ्याकडे ऐकू यायचा. लांबी शिकवायचा महिना आला की तुमची मुलं वितीने बाक मोजायची, पावलांनी वर्ग मोजायची, दोऱ्याने एकमेकांचे हात मोजायची, आणि तीन तीन आठवडे कुणाच्या हातात स्केल नाही. माझ्या मुलांनी तोवर वर्कशीट संपवून पेन्सिल किती सेंटिमीटर, खोडरबर किती, सगळं भरलेलं असायचं. मी पार्टिशनपलीकडे मान काढून म्हणायचे, "अक्का, अजून वितीतच? परीक्षा काय पुढच्या जन्मी आहे?" तुम्ही म्हणायचात, "तुज घाई कशास? अजून भांडण झालं नाही. भांडल्याविना पट्टी द्यायची नाही."

ही तुमची रीत. मूल आधी आपल्या हाताने मोजतं, शेजारचा त्याच्या हाताने, आकडे जुळत नाहीत, मग खडाजंगी. "तू खोटं बोलतोस", "तुझाच हात आखूड". ते भांडण तुम्ही मिटवायचा नाहीत. दोन दोन दिवस चालू द्यायचात. मग कुणीतरी एक चिल्लं पोर स्वतःहूनच म्हणायचं, "मिस, सगळ्यांनी एकाच्याच हाताने मोजू या." त्या दिवशी तुम्ही कपाटातून पट्ट्या काढायचात. त्याआधी नाही. मी म्हणायचे हा वेळेचा सत्यानाश आहे. तुम्ही म्हणायचात, मी सांगितलं तर ते माझं, त्याला सुचलं तर त्याचं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये तुम्ही माझी जिरवलीत. आठवतं? माझी मुलं भराभर मोजतात म्हणून मी मिरवत होते. तुम्ही माझ्या वर्गात आलात, एक तुटकी प्लास्टिकची पट्टी घेऊन, सुरुवातीचे तीन सेंटिमीटर मोडलेली. तिच्या तुटक्या टोकाशी पेन्सिल लावलीत आणि विचारलंत, "किती?" माझ्या अठ्ठावीस मुलांनी एका सुरात सांगितलं, अकरा. होती आठ. मग तुम्ही तुमच्या वर्गातल्या याळिनीला हाक मारलीत. एवढीशी, दोन घट्ट वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. तिच्या हातात तोवर पट्टी आली नव्हती. तिने पट्टीकडे बघितलं, मग एकेक घर बोटाने मोजलं आणि म्हणाली, "आठ. हे मोडलंय ना, मिस." तुम्ही हसलात. कुचकट हसलात असं मुळीच नाही, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. घरी जाऊन यांना सांगितलं. त्यांनी टूलरूममधली एक जुनी स्टीलची पट्टी आणून दिली, फूटभर, रेघा कोरलेल्या. म्हणाले, ही मोडत नाही आणि खोटं बोलत नाही. मी तिच्यावर माझं नाव चिकटवलं आणि शाळेत आणली.

पुढच्या आठवड्यात तुमचा फुलांचा दिवस होता.

गेटवर फुलं विकणारी सेल्वी. ती गजरा हाताने मोजते, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळम. सगळं मद्रास असंच फुलं घेतं. तुम्ही तिच्याकडून मोगऱ्याची लांब माळ घेतलीत आणि वर्गात तिलाच मोजायला लावलीत. पाच मोळम. मग तुमच्या लांब हाताने मोजलीत. चार आणि थोडं. पोरं किंचाळली, "मिस, फसवलं! सेल्वीअम्माने फसवलं!" सेल्वीही हसत हसत भांडली. ती गेटवर परत गेली, माळ फरशीवर पसरली आणि मुलं आपापल्या हाताने मोजायला लागली. याळिनीच्या हाताने सात. दिनेशच्या हाताने सहा आणि थोडं. दिनेश वर्गातला सगळ्यात उंच. दोघांची अशी काही जुंपली की माझ्या मुलांनी पाढे म्हणायचे थांबवले.

तुम्ही पार्टिशनपाशी येऊन म्हणालात, "वृंदा, मी सेल्वीला पुन्हा आणते. दोन मिनिटं माझ्या वर्गाकडे बघ. भांडताहेत, भांडू दे. हातात काही देऊ नको."

हातात काही देऊ नको. हे शब्द आहेत तुमचे. मी ऐकले होते, अक्का.

तुम्ही व्हरांड्यातून खाली उतरलात आणि मी खण उघडला. मला वाटलं, आज दाखवतेच. आज अक्कांच्या वर्गाचं भांडण माझ्या पट्टीने एका मिनिटात मिटेल आणि परत येऊन ही बाई बघत राहील. मी 'अ'च्या दारात जाऊन पट्टी पुढे केली, "घ्या, हिने मोजा, कोण खरं ते कळेल," आणि माझ्या वर्गात परतले. एक पट्टी, भांडणारी दोन मुलं, आणि मी पाठ फिरवली. दिनेशने ओढली, याळिनीने सोडली नाही, मग त्याच्या हातून एकदम सुटली. स्टीलचा कोपरा तिच्या भुवईच्या वर लागला.

रक्त बघून मी नुसती उभी राहिले. धावत आलात ते तुम्ही. पदराचा बोळा करून कपाळाला दाबलात, तिला कडेवर घेतलंत, या वयात, आणि दवाखान्यात नेलंत. पण जायच्या आधी तुम्ही खाली वाकलात. पट्टी उचललीत, तिच्यावरचं माझं नाव वाचलंत, त्याच पदराने पुसलीत आणि माझ्या वर्गात येऊन माझ्या खणात ठेवलीत. माझ्याकडे बघितलंतही नाही.  शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एचएम मॅडमनी मला लेखी मागितलं. मी लिहिलं, तुमचं नाव घालून. "मी माझ्या वर्गात होते. किंकाळी ऐकून गेले. गिरिजा मिस त्या वेळी वर्गात नव्हत्या. मुलांचं भांडण बराच वेळ चालू होतं." एक वाक्य खोटं नाही त्यात. एकही! मी ते तीनदा वाचून पाहिलं. यांच्या कारखान्यात तेव्हा माणसं कमी करत होते, माझी नोकरी गेली तर काय, असं मनात येत होतं. पण हे मी आता कारण म्हणून सांगत नाही. भीती होती, तेवढंच. तुम्हाला बोलावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "वर्ग माझा. लेकरू माझ्या हवाली होतं. चूक माझी." पट्टी कुठून आली, कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, गिरिजा मिसचेच काहीतरी प्रयोग.

आणि गेटवर याळिनीची आई. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते, एक दिवसाची सुट्टी टाकून आली होती. येणाऱ्या जाणाऱ्यांसमोर ती तुम्हाला नाही नाही ते बोलली. पोटी मूल नाही, हिला काय कळणार, हेही बोलली. मी तुमच्यापासून चार पावलांवर होते. माझं तमिळ मोडकं, पण ते वाक्य मला पूर्ण कळलं.

त्यानंतर चार महिने तुम्ही ऑफिसच्या खिडकीपाशी बसून तपकिरी कागदाची कव्हरं घालत होतात. तुमच्या वर्गावर एक नवीन मुलगी आली, वर्कशीटवाली. आणि दुपारच्या सुट्टीत तुम्ही डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायचात, पूर्वीसारख्याच. कसं जमलं हो तुम्हाला? माझ्या पानात भाजी वाढायचात. "खा ग, काळी पडलीस."  रोज वाटायचं, आज ह्या विचारतील. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला तुमचा राग यायला लागला होता, अक्का, खरं सांगते. गप्प राहून ही बाई माझा छळ करते आहे, असंही मनात आलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी तुमच्या घरी आले. सांगायचंच म्हणून आले होते. बसमध्ये वाक्यं घोकत आले. तुमची भाची कावेरी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातलं काम घरी घेऊन बसली होती. तुम्ही डोसे घातलेत. मी सुरुवात केली आणि कुठे गेले? वर्कशीटवर! म्हटलं, नवीन मुलगी बरं शिकवते, तुमच्या मुलांना आता सेंटिमीटर येतात. मलाच कळेना मी हे का बोलतेय. तुम्ही तवा उतरवलात, पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "पोदुम, वृंदा. पुरे. मज एक सांग. मोजायास काय लागतं?"

मी म्हटलं, पट्टी.

"दोन टोकं लागतात. आणि एक टोक धरून बसणारं माणूस लागतं. मी धरून बसलेंय की. तुज जमेल तेव्हा ये."

मी ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि बस चुकेल म्हणून पळाले. बस दर दहा मिनिटांनी आहे.

गेल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, कावेरीचा फोन आला. ती मराठी फार बोलत नाही. "वृंदा आंटी, आत्या…" एवढंच मराठीत, पुढचं सगळं तमिळमध्ये. देवापुढे दिवा लावता लावता बसल्या त्या उठल्याच नाहीत. परवा मी भेटायला गेले तेव्हा तिने तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "शाळेचं काहीतरी दिसतंय, तुम्हीच न्या." आत एकतीस दोरे. जूनमध्ये कापलेले. टाचेकडचं टोक मीच धरलं होतं, प्रत्येकाचं.

शिपाई खिडक्या लावायला आलाय. उठते. दोन गोड पानं मी इंग्रजीत लिहून ठेवली आहेत, पर्समध्ये आहेत. खणातली पट्टीसुद्धा आता काढून पर्समध्ये टाकली. कोण जाणे काय होईल.

*

आज सोमवार. पुन्हा तेच टेबल.

शनिवारचं सांगते. खालच्या हॉलमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. सेल्वीने मोगऱ्याची माळ आणली, न मोजता, हातात मावेल तेवढी. तिला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं तर ती दारातच उभी राहिली. कावेरी आली होती. एचएम मॅडम बोलल्या की तुम्ही शिस्तप्रिय होतात. मला हसू आलं, पण पुढचं नाव माझं होतं.

मी पर्स उघडली. पानं हाताला लागली, पट्टीही लागली. पट्टी काढून टेबलावर ठेवली, तुमच्या फोटोसमोर. तिचा आवाज झाला आणि सगळे बघायला लागले. मग मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. "ही स्केल माझी. याळिनीला लागली ती हीच. गिरिजा मिसनी वर्ग माझ्या हवाली केला होता. हातात काही देऊ नको म्हणाल्या होत्या. मी दिली. मग मी कागदावर अर्धंच लिहिलं. त्यांचा वर्ग गेला तो माझ्यामुळे." एवढंच. मला सजवून बोलण्याइतकं तमिळ येतच नाही, ते त्या दिवशी बरं झालं.

 याळिनीची आई उठली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तरी चाललं असतं. ती माझ्यासमोर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना मी गेटवर काय काय बोलले. तुम्ही तिथेच उभ्या होतात."

"हो," मी म्हटलं.

"आता मी कुणाजवळ जाऊन माफी मागू? सांगा, मिस. कुणाजवळ?"

 ती तुमच्या फोटोपाशी गेली, चप्पल बाजूला काढून उभी राहिली, आणि मग कुणाशी न बोलता निघून गेली.  जाताना कावेरीने मला हात लावू दिला नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

आज सकाळी एचएम मॅडमनी दार लावून घेतलं. आता हे उकरून काय मिळवलंस, त्या तर गेल्या, म्हणाल्या. मी म्हटलं, तो जुना कागद फाडा आणि हा नवा लावा, यात सगळं लिहिलंय. नवा त्यांनी घेतला, फायलीत ठेवला. एप्रिलपर्यंत वर्ग घे, पुढचं समिती ठरवील, म्हणाल्या. यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, पट्टी परत आणू नकोस घरी.

मी मॅडमकडे एकच गोष्ट मागितली. पहिली 'अ'मध्ये एक तास. दोरे खरं तर एप्रिलमध्ये कापायचे. पण मला एप्रिलपर्यंत थांबायचा धीर नव्हता. बरेच दिवस थांबून झालं होतं.

डबा घेऊन मी तुमच्या वर्गात गेले. त्या नव्या मुलीने फळा पुसून दिला आणि मागे जाऊन बसली. मुलांनी डबा बघूनच ओळखलं. भिंतीला रांग लागली, कुणाला सांगावं लागलं नाही. एकाने दुसऱ्याच्या टाचेशी टोक धरायचं, मी वर ताणायचं. दिनेश चांगलाच वाढलाय. त्याचा तुकडा वीतभर निघेल अशी त्याची खात्री होती, निघाला पाच बोटं, तर रुसला.

याळिनी पुढे आली. भुवईच्या वर टाक्यांची बारीक पांढरी रेघ आहे. मी तिच्यासमोर खाली बसले. मोठ्यांना सांगून झालं होतं, पण हिला नव्हतं. म्हटलं, "कण्णा, ती स्केल मी दिली होती. गिरिजा मिसची चूक नव्हती. माझी होती."

"माहीत आहे, मिस," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? आईने?"

"तुम्हीच दिलीत ना? आम्ही बघितलं." तिने वर्गाकडे हात केला. "सगळ्यांनी बघितलं."

 अक्का, एकतीस मुलं होती तिथे. शाळेने मला विचारलं, तुम्हाला विचारलं, मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही विसरले होते की ती बघत होती. मी विचारलं, "मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

दिनेश रुसवा विसरून मध्येच बोलला. "गिरिजा मिस म्हणाल्या, कुणी सांगू नका. वृंदा मिस स्वतः सांगतील. त्यांना वेळ लागतोय."

"आम्ही रोज बघायचो," याळिनी म्हणाली. "डबा खाताना तुम्ही गिरिजा मिसच्या शेजारी बसायच्या ना, तेव्हा. हा म्हणायचा, आज सांगतील. मी म्हणायची, नाही, उद्या."

मी दोरा धरून खालीच बसले होते. शेवटी तीच वाकली, माझ्या हातातून दोऱ्याचं टोक घेतलं आणि आपल्या टाचेशी दाबून धरलं. "कापा, मिस." मी उठून कापला. टोक वाकडं आलं. जुन्या दोऱ्याशेजारी ठेवून उरलेला तुकडा तिला दिला, तो तिने मुठीत घेतला आणि तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत.

वेळ लागला, अक्का. फार लागला.